चांगूआत्याचे धवले आणि फेसाचं यंत्र

हातात पैसा आला की माणसाला काहीतरी पाळावंसं वाटतं. सोनिवलीची जमीन बिल्डरला गेली त्या सुमारास आमच्या भावकीत कुणी शर्यतीचे बैल पाळले, कुणी दारात दोन-दोन पांढऱ्या गाड्या पाळल्या, कुणी एखाददुसरा नगरसेवक पाळला. आमच्या बाबांनी मासे पाळले. तेही साधे नाहीत. गोड्या पाण्यातले मासे म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत बघायचे मासे, असं त्यांचं मत झालं होतं. ठाण्यात कुणा बिल्डरच्या ऑफिसात त्यांनी खाऱ्या पाण्याची टाकी पाहिली, निळ्या दिव्याखाली नारिंगी-पांढरे मासे पाहिले आणि घरी येऊन चपला काढायच्या आधी जाहीर केलं, "आपल्या हॉलमंदी दर्या आनायचा." ज्या माणसाला कंबरभर पाण्यात पोहता येत नव्हतं, तो हे बोलत होता.

हॉल मात्र दर्या मावेल एवढा होता. बदलापुरात कात्रपला आमचा नवा बंगला झाला होता आणि त्याला गरज नसताना चार खांब होते. छताला पीओपीची फुलं होती, जिन्याला सोनेरी कठडा होता. चारी बाजूंनी इमारती उठत होत्या, दिवसभर कुठे ना कुठे खडी मिसळायचं यंत्र घरघरत असायचं, म्हणून बाबांनी हॉलला दुहेरी काचेच्या खिडक्या बसवून घेतल्या होत्या. त्या लावल्या की बाहेरचं जग खरोखर बंद व्हायचं. त्या घराबद्दल मी मनापासून चांगलं बोलू शकेन अशी ती एकच गोष्ट.

घरात आम्ही चौघं. बाबा, आई, मी आणि बाबांची थोरली बहीण चांगूआत्या. आत्याचा नवरा लग्नानंतर तीन वर्षांत गेला आणि ती माहेरी परतली ती कायमची. ती धवलारीण होती. आमच्या आगरी लोकांत लग्न लावायचं ते धवलारणीने. हळद कुटण्यापासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीचा धवला असतो, तो गायल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. बदलापूरपासून वांगणीपर्यंतच्या गावांत आत्याने किती लग्नं लावली असतील याची मोजदाद नाही. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि दोन रात्री पुरतील एवढे धवले तोंडपाठ होते. धवला एकटीने गात नाहीत. एक पुढे म्हणते आणि थांबते, दुसरी ओळीचं शेपूट मागून घेते, मग पहिली पुढची ओळ उचलते. आत्याच्या मागून घेणारी भीमीकाकी होती. ती दोन पावसाळ्यांपूर्वी वारली. तोवर भावकीलाही पैशाबरोबर भटजी आणि डीजे परवडायला लागले होते. आत्याला लग्नांची आमंत्रणं यायची, पण ती जेवायला.

मी तेव्हा उल्हासनगरच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकत होते आणि त्या घरातली एकमेव शहाणी मीच आहे असं माझं ठाम मत होतं. बाबा मला हास्यास्पद वाटत, आई भाबडी वाटे आणि आत्या जुन्या सामानातली. आज चाळिशी उलटल्यावर त्या मुलीचा विचार केला की मला तिच्या कानाखाली द्यावीशी वाटते, पण तेव्हा ती मला फार हुशार वाटायची.

टाकी उल्हासनगरच्या हरेशभाईंच्या दुकानातून आली. सहा फूट लांब, खाली लाकडी कपाट, कपाटात दुसरी छोटी टाकी, तिच्यात नळ्या, पंप आणि एक उभं पारदर्शक नळकांडं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत जर्मनी असं लिहिलं होतं. आतल्या पुठ्ठ्यावर मात्र उल्हासनगरच्याच कॅम्प पाचचा पत्ता होता. हरेशभाईंनी सोबत मिठाच्या दोन बादल्याही आणल्या.

"साईं, ये समुंदर का नमक है. इसमें कॅल्शियम, मॅग्नेशियम, सब बराबर डाला है. घर का नमक नहीं चलेगा."

बाबा असे हसले की त्यांचं पोट हललं. "आगऱ्याला मीठ विकतंस? आमचे आज्यानं मिठागरा राखली शेठ. आमच्या रक्तात मीठ हाय!"

बादल्या परत गेल्या. पेणकडे मामांचं मिठागर होतं, तिथून टेम्पोत घालून खड्या मिठाची पोती आली. भावकी जमली. बाबांनी पहिली ओंजळ स्वतःच्या हाताने टाकली, बोराएवढे खडे टाकीच्या तळाला खडखडत गेले आणि हॉलमधल्या दर्याचा रंग बघता बघता चिखलाच्या खाडीसारखा झाला. हरेशभाईंनी सोडलेले दोन मासे दुसऱ्या दिवशी आडवे झाले. तिसऱ्या दिवशी बादल्या गुपचूप मागच्या दाराने घरात आल्या, आणि आमच्या रक्तातल्या मिठाचा विषय बाबांनी पुन्हा काढला नाही. उरलेलं मीठ आत्याने बरण्यांत भरलं. त्या वर्षीच्या कैऱ्या त्यात मुरल्या आणि फारच छान मुरल्या, हेही सांगायला हवं.

आता त्या नळकांड्याविषयी. त्याला स्किमर म्हणतात. तुरीची डाळ शिजताना वर मळकट फेस येतो आणि आई तो डावाने काढून टाकते, तेच काम हे यंत्र विस्तवाशिवाय करतं. पंप पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे मिसळतो, माशांची घाण बुडबुड्यांना चिकटते, फेस होऊन नळीतून वर चढते आणि वरच्या वाटीत पडते. वाटीत जमलेला तो काळपट द्रव इतका घाण वासाचा असतो की तो पाहिल्यावर आपली घाण आपल्याला दिसत नाही हे बरंच आहे असं वाटतं. आत्याने ते काम एकदा पाहिलं आणि तिला ते माझ्याआधी कळलं. "पेज उतू जातंय तसाच हाय," ती म्हणाली. मी तिला बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर व्याख्यान दिलं. तिने ते ऐकून घेतलं आणि सुकट निवडायला गेली.

हे यंत्र आवाज करतं. आमचं तर तीन प्रकारचे करायचं. पंपाची घूं सगळ्या कपाटात भिनायची, हवा ओढायच्या नळीतून सापासारखी फुसफुस यायची, आणि वरून पाणी खाली येणाऱ्या पाइपात कुणीतरी सतत चूळ भरतंय असं गुळगुळायचं. बाबांचे पाहुणे सोफ्यावर बसून "वा, काय शांत वाटतंय इकरं!" असं ओरडून बोलायचे. सुरुवातीला हरेशभाईंना बोलावलं. त्यांनी कपाटात डोकं घातलं, बाहेर काढलं आणि म्हणाले, "नया है ना, साईं. दस-पंधरा दिन में सेट हो जाएगा. छेडने का नहीं." हे वाक्य पुरुष त्यांना न कळणाऱ्या प्रत्येक गोष्टीबद्दल बोलतात, म्हणून मी ते मोडीत काढलं. खरं तर ते शंभर टक्के बरोबर होतं. नव्या स्किमरच्या नळीवर आतून पातळ थर बसावा लागतो, तोवर तो कधी नुसता बसून राहतो, कधी उतू जातो. पण त्यासाठी धीर लागतो, आणि धीर ही बावळटांची सोय आहे असं मी समजत होते.

मी कॉम्प्युटरवर परदेशी लोकांचे सल्ले वाचायला लागले. जगात रिकामटेकडे इतके असतील असं वाटलं नव्हतं. एक म्हणायचा पाणी नळीच्या गळ्यापर्यंत ठेवा, दुसरा म्हणायचा गळ्याखाली दोन बोटं, तिसरा दोघांना मूर्ख म्हणायचा, आणि तिघेही आपापल्या वाटीचे फोटो टाकायचे. स्वतःच्या माशांच्या घाणीचा असा अभिमान मी पुन्हा कुठे पाहिला नाही. पण सल्ल्यांतून एवढं कळलं की बाहेर जाणाऱ्या पाण्याची चावी किंचित आवळली की नळीतलं पाणी चढतं आणि वाटीत चहासारखा पातळ फेस पडतो. सैल केली की पाणी उतरतं आणि फेस घट्ट, काळा, कमी पडतो. चावी केसभर फिरवायची आणि अर्धा दिवस हात लावायचा नाही. मी ती दर तासाला फिरवायचे.

श्रावणात नारळी पौर्णिमा आली. बाबा अंबरनाथला कुणाच्या तरी फ्लॅटच्या पूजेला गेले होते, मी कॉलेजात होते. संध्याकाळी घरी आले तर दारातच आईने मला थांबवलं. "आत जाताना जपून." आत हॉलभर फेस होता. कपाटातून तो जिभेसारखा बाहेर आला होता, गालिचा भिजला होता, सोफ्याच्या पायांपाशी पिवळट ढीग साचला होता. आणि टाकीपुढे चांगूआत्या नवं लुगडं नेसून हळद-कुंकवाचं ताट घेऊन उभी होती.

"आत्या, काय केलंस?"

"दर्याला नारल दिला."

दर्या घरात आहे म्हटल्यावर नारळी पौर्णिमेला त्याला नारळ द्यायचा, यात तिला विचारण्यासारखं काही वाटलं नव्हतं. बाबाच सगळ्यांना दर्या दर्या म्हणून सांगत नव्हते का? अख्खा नारळ टाकला तर काच फुटेल म्हणून तिने शहाणपणाने तो फोडला होता, आणि पाणी धार धरून टाकीत ओतलं होतं. उकळी आल्यावर दुधाच्या पातेल्याचं जे होतं, तेच नारळपाण्याने त्या यंत्राचं झालं.

मी तिला काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. अडाणी हा शब्द त्यात होता. ती खाली बघत फडक्याने फेस पुसत राहिली आणि मग एवढंच म्हणाली, "पन मासं तर खूश हायेत, बाय." मासे खरोखरच मजेत होते. त्यांना काही झालं नाही. मला मात्र सगळं यंत्र उतरवून, व्हिनेगरच्या पाण्यात धुऊन, पुन्हा पहिल्यापासून बसवावं लागलं आणि याचा राग मी भाद्रपद लागेपर्यंत पुरवला.

आत्याचा आवाज होळीपासूनच घोगरा होता. तिला विचारलं की धूळ, हवा, लाल मिरचीचा ठसका अशी कारणं यायची. गणपती उठल्यावर आईने तिला हट्टाने डॉक्टरकडे नेलं, तिथून मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं आणि तिथे स्वरयंत्रावर गाठ निघाली. ऑपरेशन करावंच लागणार होतं. जीवाला धोका नाही म्हणाले, आवाज मात्र राहील की नाही सांगता येत नाही म्हणाले. बाबा त्या दिवशी टाकीपुढे खुर्ची टाकून बसले. आत्या जेवली, भांडी विसळली आणि माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. ती माझ्या खोलीत सहसा यायची नाही.

"बाय, तुज्या मोबाईलमंदी गाना भरतंय ना? तसं माजं धवलं भरशील? पोटात हायेत तवर."

"डॉक्टरांनी बोलू नको सांगितलंय तुला."

"आता कोनासाठी राखायचा आवाज?"

ऑपरेशनला दहा दिवस होते. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. मला वाटलं, अखेर या घरात माझ्या लायकीचं एक काम निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलच्या खिडक्या लावल्या, आत्याला सोफ्यावर बसवलं आणि दोन ओळी भरून ऐकल्या. तिच्या घोगऱ्या आवाजाखाली घूं होती, मधे फुसफुस, मधे गुळगुळ. आत्या कान देऊन ऐकत होती. "बेस आयलाय की," ती म्हणाली. मी म्हटलं, याला बेस म्हणत नाहीत. वर्षानुवर्षं टिकायची गोष्ट आहे, ती नीट व्हायला हवी. आधी मी हे यंत्र शांत करते.

आईने चुलीपाशी राहूनच विचारलं, "मंग बंद कर ना बटन तासभर."

जगातला सगळ्यात सोपा उपाय होता. मी आईला हसले. मग शिकवायला लागले की स्किमर बंद केला की नळीतलं पाणी उतरतं, पुन्हा चालू केला की उतू जातो, घडी बसायला दोन दिवस लागतात. आत्याचा गळा दिवसातून केव्हा साथ देईल ते सांगता येत नाही, मग सारखं चालू-बंद कोण करणार? शिवाय बटणावर बाबांनी चिकटपट्टी लावून हात लावू नये असं लिहिलंय. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण बाबांना विचारलं असतं तर त्यांनी स्वतःच्या नखाने ती पट्टी काढली असती, आणि दहाबारा दिवस स्किमर बंद ठेवून नुसतं पाणी बदलत राहिलो असतो तरी मासे मेले नसते. हे मला तेव्हाही माहीत होतं. बटण कुणीही बंद करू शकतं. मला ते चालू ठेवून शांत करून दाखवायचं होतं.

मग मी कामाला लागले. पंपाची थरथर कपाटात जाऊ नये म्हणून खाली ठेवायला रबर हवं होतं. बाथरूममधली आत्याची जुनी स्लीपर कापली, तिचे चार तुकडे करून पंपाखाली दिले. घूं निम्मी झाली. तुकड्यांची जागा बदलत बसले तेव्हा आणखी उतरली. हवेच्या नळीच्या तोंडाशी मिठाची पांढरी पुटं चढली होती, ती कोमट पाण्याने काढली. मग औषधाच्या रिकाम्या डबीला भोकं पाडून, आत स्पंजचा तुकडा घालून नळीच्या तोंडावर बसवली आणि फुसफुस गेली. खाली येणाऱ्या पाइपाचं गुळगुळणं सगळ्यात चिवट होतं. एक चावी बसवली, ती थोडी आवळली की पाणी आवाज न करता सरकायचं, पण जरा जास्त आवळली की वरची टाकी भरून यायची. खालच्या टाकीतलं पाणी वाफ होऊन दिवसाला बोटभर उतरतं आणि तेवढ्याने सगळी घडी बिघडते. म्हणून उलट्या बाटलीतून थेंबथेंब गोडं पाणी पडायची सोय केली. दिवसभर मी कपाटात डोकं घालून, गुडघ्यांवर बसून कान लावून असायचे. कॉलेजला बुट्टी मारली.

त्या दिवसांत आत्याचा गळा चांगला चालत होता. औषधाने सूज उतरली होती की काय कोण जाणे. हॉलला लागूनच स्वयंपाकघर. आत्या तिथे पाटावर बसून जवळा निवडायची आणि तिचं आपलं सुरू असायचं. हळदीचा धवला, मांडवाचा धवला, नवरीला न्हाऊ घालतानाचा, मामा पाट उचलतो तेव्हाचा. प्रत्येक ओळीला ती थांबायची. आई भाकरी थापता थापता, ध्यानीमनी नसताना, ओळीचं शेपूट मागून घ्यायची. तीस वर्षं ऐकून तिला ते येत होतं. दोघींच्या मधे भाकरीची थाप पडायची आणि जवळ्याचा वास हॉलभर यायचा. हे सगळं मला आठवतंय, म्हणजे कानावर पडत होतं. माझा मोबाईल माझ्यापासून हातभर अंतरावर, टाकीच्या कडेला पडलेला असायचा.

चौथ्या की पाचव्या दिवशी पाइपातली शेवटची गुळगुळ मला सापडता सापडेना. मी कपाटातून डोकं बाहेर काढून ओरडले, "आत्या, जरा गप्प बस ना गं! मला आवाज ऐकू दे."

स्वयंपाकघरात एकदम शांतता झाली. आई काहीतरी बोलायला लागली, तर आत्यानेच तिला हाताने थांबवलं असणार, कारण आई गप्प झाली. मला गुळगुळ सापडली. त्यानंतर मी काम करत असताना आत्याने स्वयंपाकघरात तोंड उघडलं नाही. तिला वाटलं, पोरगी आपल्यासाठी एवढी राबतेय, तिच्या कामात आपण कशाला यायचं.

सातव्या दिवशी हॉल शांत झाला. टाकीपुढे उभं राहिलं तरी यंत्र चालू आहे हे नळीतल्या फेसाकडे बघूनच कळायचं. फेस वाटीच्या ओठापर्यंत चढत होता, तिथे फुटत होता आणि आत पडत होता. हरेशभाई कशाला तरी आले होते, त्यांनी कपाट उघडलं, स्लीपरचे तुकडे पाहिले, डबी पाहिली आणि म्हणाले, "बेटी, दुकान पे बैठेगी क्या मेरे?" बाबांची छाती फुगली. मी त्या दोघांकडे तुच्छतेने पाहिलं, आतून मात्र हवेत तरंगत होते.

आठव्या दिवशी आत्याला सोफ्यावर बसवलं. तोवर तिचा गळा बसला होता. मी आईला सांगितलं की कुकर नको, मिक्सर नको, भांडं आपटायचं नाही, त्यापेक्षा तू मागच्या ओट्यावर जाऊन बस. आई जाऊन बसली. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, मोबाईल उशीवर ठेवला. आत्याने पदर डोक्यावरून घेतला आणि हॉलभर नजर फिरवली.

"मागून कोन घेल?"

"मागून कशाला घ्यायला पाहिजे? रेकॉर्डिंग आहे ते. तू म्हण फक्त."

"धवला एकटीचा नसतंय, बाय."

"आत्या, गळा थकेल तुझा. म्हण ना."

तिने डोळे मिटले. मांडवाच्या मेढीचा, म्हणजे खांबाचा, धवला धरला. "आंब्याची डाली गो, मेढीला बांधली," असं म्हटलं आणि ती थांबली. डोळे उघडून तिने माझ्याकडे पाहिलं. मी एक बोट ओठांवर ठेवलं आणि दुसऱ्या हाताने पुढे चल अशी खूण केली. ती पुढची ओळ म्हणाली आणि पुन्हा थांबली, पुन्हा पाहिलं. तिसऱ्या ओळीनंतर तिने बघायचं सोडलं. थांबायचं मात्र सोडलं नाही. चाळीस वर्षांची सवय होती, दुसरीच्या वाट्याचं ती स्वतः म्हणेना. असे चार धवले झाले आणि तिला ठसका लागला. नवव्या दिवशी आवाज फुटलाच नाही. दहाव्या दिवशी आम्ही तिला दवाखान्यात नेलं. दोन रात्री पुरणाऱ्या धवल्यांपैकी माझ्या मोबाईलमध्ये अर्धा तासही आला नव्हता.

ऑपरेशन नीट झालं. आवाज गेला. नुसती हवा उरली, तीही जवळ कान नेला तर. ती घरी आली त्या दुपारी मी तिला सोफ्यावर बसवून मोठ्या ऐटीत मोबाईल स्पीकरला जोडला. काय स्वच्छ आवाज होता! श्वास घेतलेला कळत होता, बांगडी सरकलेली कळत होती. "आंब्याची डाली गो, मेढीला बांधली." आणि मग शांतता.

त्या शांततेत स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "गो मेढीला बांधली." तिच्या हातात पीठ होतं, ती बाहेरही आली नव्हती. स्पीकरमधल्या आत्याने लगेच पुढची ओळ उचलली, जणू तिला हेच हवं होतं. सोफ्यावरच्या आत्याने डोळे मिटले आणि तिचे ओठ हलायला लागले.

"आई, गप्प ना!" मी ओरडले. "ऐकू दे की नीट."

आई पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. रागावली नव्हती, तिला नुसतं नवल वाटलं होतं. "अगं, ती जागा मागून घेनारीची हाय. ती थांबलीय बग कोनासाठी तरी. मना ओट्यावर कशाला बसवलीस गो? मी घेतला असता."

मी आत्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती, त्या दिवशीसारखीच. मग तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि टाकीकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली. मी कान नेला. "मशीन गप झालाय तुजा," ती म्हणत होती. तिने मला शाबासकी दिली होती. मी उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले.

आत्या त्यानंतर सात वर्षं जगली. टाकी तेवढी टिकली नाही. बाबांचा दर्याचा शौक ओसरला आणि हरेशभाईंनीच ती कुणा नवश्रीमंताला नेऊन दिली, यंत्रासकट आणि स्लीपरच्या तुकड्यांसकट. आई गेल्या वर्षी गेली. धवले माझ्याकडे आहेत. हल्ली कधीकधी घरात कुणी नसताना मी ते लावते आणि मागून घेते. मला ते जमत नाही. मी अर्धा क्षण उशीर करते, आत्या तेवढी वाट बघते आणि पुढे निघून जाते.

लोकांना मी ते कधी ऐकवते तेव्हा ते म्हणतात, घरी मोबाईलवर भरलंय असं वाटतच नाही, स्टुडिओतलं वाटतं. बरोबर आहे त्यांचं. प्रत्येक ओळीनंतर जी जागा आहे तिथे घूं नाही, फुसफुस नाही, गुळगुळ नाही, पाण्याचा एक थेंबही वाजत नाही. इतकं चोख काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.